नोडकडून एक बिट मागावा की अख्खा आकडा?

चार-पाच नोड (रेडिओ सिग्नल ऐकणारे छोटे रिसीव्हर) मिळून रेडिओ चॅनेल रिकामा आहे का ते ठरवायचं, इथवर तुमचं पक्कं झालं असेल, तर पुढे अडतं ते इथे: नोडने फ्युजन सेंटरला (सगळ्यांचं ऐकून निर्णय देणाऱ्या केंद्राला) नुसतं ‘सिग्नल आहे’ किंवा ‘नाही’ कळवायचं, की मोजलेली एनर्जी जशीच्या तशी पाठवायची? पहिलं हार्ड, दुसरं सॉफ्ट.

कागदावर सॉफ्ट सरस, यात वाद नाही. सिग्नल जेमतेम ऐकू येणारा नोड हार्डमध्ये ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. सॉफ्टमध्ये त्याची कुजबुजही बेरजेत धरली जाते. सिम्युलेशनमध्ये माझ्याकडेही तोच जिंकला, म्हणून एम.टेक.च्या प्रोजेक्टला तोच घेतला.

मग खरे डाँगल (यूएसबीला खोचायचे रेडिओ रिसीव्हर) हातात आले. आठ बिटांचे, स्वस्तातले. प्रायमरी युजर, म्हणजे चॅनेलवर ज्याचा पहिला हक्क तो, होता कॉलेजच्या हॉलमधला यूएचएफ वायरलेस माइक. सकाळी सगळं झकास. दुपारी गच्चीवरचा डाँगल तापला की त्याची पातळी सरकायची. जिन्यातल्या नोडशेजारी कुणी मोबाइलचा चार्जर खोचला की तिथला नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाही असणारी खरखर) चढायचा. बेरजेत तो एकटा बाकीच्या चौघांना झाकून टाकायचा. माइक बंद, हॉलला कुलूप, आणि सेंटर म्हणतंय चॅनेल भरलेला! पुन्हा जिने चढा, नॉइज मोजा, थ्रेशोल्ड (ज्याच्या वर गेलं की ‘आहे’ म्हणायचं ती पातळी) बदला. आठवड्याभरात माझे गुडघे हार्डच्या बाजूने मत देऊ लागले.

प्रत्येक नोडने आपली एनर्जी आपल्याच नॉइजने भागून पाठवावी, हा उपाय आहेच. पण सरकतो तो नेमका तोच आकडा. नॉइजच्या अंदाजात १ डेसिबल इकडे-तिकडे झालं, तरी सुमारे उणे ३.३ डेसिबल एसएनआरच्या (सिग्नल आणि नॉइजच्या गुणोत्तराच्या) खालचा सिग्नल एनर्जी डिटेक्टरला कितीही वेळ ऐकून खात्रीने सापडत नाही.

हार्डमध्येही बिघडलेला डाँगल चुकतो, पण त्याचं मत एकच. फक्त ओआर नियम (एकानेही ‘आहे’ म्हटलं की चॅनेल भरलेला) जपून वापरा: नोड एकमेकांपासून स्वतंत्रपणे चुकतात असं धरलं आणि प्रत्येकाचा फॉल्स अलार्म (सिग्नल नसताना ‘आहे’ म्हणण्याची शक्यता) ०.१ असला, तर पाच जणांचा मिळून ०.४१ होतो. पाचात तिघांचं बहुमत मागितलं की तो ०.०१ च्याही खाली येतो. अर्थात याची किंमत आहे. प्रत्येकाचं डिटेक्शन (असलेला सिग्नल सापडण्याची शक्यता) ०.७ असेल तर बहुमताने ०.८४ मिळतं, ओआरने ०.९९ च्या वर. प्रायमरी युजरला अजिबात धक्का लागता कामा नये अशी अट असेल, तर माझं ऐकू नका.

नीट कॅलिब्रेट केलेले रिसीव्हर आणि एसी लॅब असेल तर सॉफ्ट जरूर करून पाहा, कदाचित तुमचा अनुभव वेगळा येईल. डाँगल, गच्ची आणि दुसऱ्यांचे चार्जर असतील, तर मी बहुमतच घेईन. फार तर एकाऐवजी दोन बिट पाठवेन.