गेम अडकतोय: रिझोल्यूशन उतरवायचं की सेटिंग्ज?

गेम अडकायला लागला की लोक दोनपैकी एक करतात. एकतर सगळं हायवर तसंच ठेवून रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणतात, नाहीतर रिझोल्यूशनला हात न लावता आतल्या सेटिंग्ज एकेक खाली करत बसतात. मी दोन्ही केलंय, पहिलं तर जवळजवळ वर्षभर, एका जुन्या लॅपटॉपवर.

रिझोल्यूशनचं श्रेय त्याला देऊन टाकतो. एका क्लिकमध्ये एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. 1080 ला 20,73,600 पिक्सेल रंगवायचे असतात, 720 ला 9,21,600, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं ओझं निम्म्याहून खाली. फॅनचा आवाजसुद्धा उतरला होता माझा. चित्र पुसट होतं हे खरं, कारण 1080 च्या पॅनलवर 720 दीडपट ताणलं जातं आणि अर्धा पिक्सेल असा काही नसतोच, मग शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. पण आठवडाभरात डोळ्यांना सवय झाली, खोटं कशाला बोलू.

सवय झाली नाही ती ऑल्ट-टॅबची, म्हणजे Alt आणि Tab दाबून गेममधून दुसऱ्या खिडकीत जाण्याची. फुलस्क्रीनमध्ये गेम 720 वर आणि डेस्कटॉप 1080 वर, त्यामुळे मधेच कुणाचा मेसेज बघायला बाहेर आलं की स्क्रीन दोन सेकंद काळी, मग डेस्कटॉप, परत गेममध्ये जाताना पुन्हा काळी, आणि वर उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या आक्रसून डाव्या कोपऱ्यात जमा झालेल्या, आयकॉनची तर खिचडी. दिवसातून एकदा असतं तर चाललं असतं हो, पण मी दर दहा मिनिटांनी बाहेर येणारा माणूस! एकदा परत येताना गेमच बंद पडला, शेवटचं सेव्ह पाऊण तास आधीचं होतं, त्या रात्री 720 ला रामराम केला.

मग सेटिंग्जच्या मागे लागलो. हे काम किचकट आहे, दर गेममध्ये नावं वेगळी, काहीत तर बदल केला की रिस्टार्ट. पण थोड्याच दिवसांत कळतं की खरे खादाड तीन-चारच असतात. पहिल्या सावल्या, कारण सावली पाडणाऱ्या प्रत्येक दिव्याच्या जागेवरून सगळा देखावा पुन्हा एकदा काढावा लागतो. अल्ट्रावरून मीडियमला आणल्या तर खेळताना मला तरी फरक सांगता येत नाही, स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर येईल. नंतर व्हॉल्युमेट्रिक धुकं (प्रकाश ज्यातून झिरपतो ते दाट धुकं), रिफ्लेक्शन, अँबियंट ऑक्लुजन (कोपऱ्या-फटींतला हलका काळोख). टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, मात्र लोक उगाच लो करतात, कार्डाच्या मेमरीत मावत असतील तर ते हायवर ठेवूनही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) फारसे पडत नाहीत, मावले नाहीत तर मात्र झटके बसतात. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरकी दिसणारी जमीन-भिंत स्पष्ट ठेवतं ते) 16 वर राहू द्या, जवळपास फुकट असतं.

एवढं करून माझे 60 एफपीएस काही झाले नाहीत, पन्नासच्या आसपास राहतात, 720 ला जास्त मिळत होते. तरी मी परत गेलो नाही.

अर्थात तुमच्याकडे वेगळं कार्डच नसेल, प्रोसेसरमधल्याच ऑनबोर्ड ग्राफिक्सवर खेळत असाल, तर सावल्या पार बंद करूनही पुरणार नाही बहुतेक, तिथे 720 च घ्या. आणि 720 करूनही एफपीएस जागचे हलले नाहीत तर अडचण बहुतेक प्रोसेसरची आहे, तेव्हा गर्दी आणि व्ह्यू डिस्टन्स (किती लांबचं दिसतं ते) कमी करून बघा.

अगदीच जमत नसेल तर गेममध्ये रेंडर स्केल आहे का बघा, त्याने स्क्रीनचं रिझोल्यूशन तेच राहून फक्त गेमचा देखावा कमी पिक्सेलवर काढला जातो. बऱ्याच गेममध्ये 80 टक्के म्हणजे उभं-आडवं दोन्ही 80, म्हणजे पिक्सेल 64 टक्केच. अक्षरं आणि मॅप सहसा फुल रिझोल्यूशनवरच राहतात, बॉर्डरलेस विंडो (पूर्ण स्क्रीनभर पसरलेली, कडा नसलेली खिडकी) ठेवली की ऑल्ट-टॅबला स्क्रीनही काळी होत नाही. मी सध्या एका जड गेममध्ये 85 वर ठेवलंय.