घेरदार जुन्या धाटणीच्या ड्रेससाठी काळी पायमशीन: काय जमतं, कुठे अडतं

कंबरेत नेमका बसणारा वरचा भाग आणि खाली पूर्ण गोल घेर. क्रिस्तियाँ दिऑरने 12 फेब्रुवारी 1947 ला पॅरिसमध्ये आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं आणि हा आकार जगभर गेला. त्या काळातल्या बहुतेक घरगुती मशिनी फक्त सरळ टाका मारायच्या. म्हणून असा ड्रेस शिवायचा तर आधी महागडी इलेक्ट्रॉनिक मशीन घ्या, हा सल्ला आम्हाला पटत नाही. तालुक्याला मिळणारी साधी काळी पायमशीन, उषाची असो, सिंगरची असो की त्याच बनावटीची लोकल, या कामाला पुरून उरते. लाइट गेली तरी काम अडत नाही, हे विदर्भातल्या गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तिचा खरा गुण म्हणजे वेग आपल्या पायात असतो. गोल गळा, मुंढा (बाही जोडायची जागा), टक्सचं (अंगावर बसवण्यासाठी घातलेल्या टोकदार चुणीचं) टोक, अशा जागी उजवा हात चाकावर ठेवून एकेक टाका मोजून मारता येतो. टक्सचं टोक तर असंच शिवावं: शेवटच्या अर्ध्या इंचात टाका बारीक करा, शेवटचे दोन-तीन टाके अगदी घडीच्या काठावर घ्या, उलटी शिलाई मारू नका, दोन्ही दोरे हाताने गाठवा. उलटी शिलाई मारली की तिथे गाठोडं होतं आणि छातीवर टोक उभं राहतं.

कापड खादीचं किंवा चांगल्या सुती पॉपलिनचं घ्यावं. वर्धा-सेवाग्राम भागात खादी सहज मिळते, आणि 36 इंच पन्हा असला तरी घेर बसतो. हिशेब असा. कंबर 28, त्यात एक इंच सैल धरून 29. पूर्ण गोलासाठी 29 ला 6.28 ने भागा, आतल्या गोलाची त्रिज्या 4.6 इंच येते. शिवणीसाठी अर्धा इंच माया हवी, म्हणून आतला गोल 4.1 इंचांवर कापायचा. उंची 26 आणि खालच्या दुमडीला एक इंच धरून बाहेरचा गोल 31.6 इंचांवर. दोन अर्धगोल कापा, सरळ बाजू कापडाच्या काठाला समांतर ठेवा, तिथे शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडा. एक अर्धगोल पन्ह्यात 32 इंच आणि लांबीत 63 इंच घेतो. म्हणजे घेराला सव्वातीन मीटर, वरच्या भागाला आखूड बाह्यांसकट सव्वा मीटर. खादी आटते, म्हणून पाच मीटर घ्या आणि कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करा. या मांडणीत समोरचा मध्य आडव्या धाग्यावर येतो, त्यामुळे एकाच दिशेची नक्षी आडवी दिसेल. बारीक बुट्टी किंवा प्लेन कापड घ्या.

वरचा भाग आधी मांजरपाटात, म्हणजे स्वस्त कोऱ्या सुती कापडात, शिवून बघावा. कंबरेची रेषा अर्धा इंच जरी खाली गेली तरी हा ड्रेस ओघळल्यासारखा दिसतो. ते मांजरपाटावरच कळलेलं बरं.

आता कंबरेचा जोड. सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं. गोल कापलेली कंबर उरेबात (धाग्यांना तिरकी) येते आणि हातात घेतल्या घेतल्या ताणली जाते. म्हणून कापल्याबरोबर, दुसरं काही करण्याआधी, काठापासून तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत एक शिलाई मारून घ्या, इंचाला 14-15 टाके. मग त्या शिलाईपर्यंत, तिला धक्का न लावता, दर इंचाला कात्रीने छोटी चीर द्या. आता गोल उघडून वरच्या भागाशी सरळ बसतो. जोडताना आतून सुती नाडपट्टी कंबरेच्या मापाएवढी शिलाईत पकडा, नाहीतर घेराच्या वजनाने कंबर महिन्याभरात सैल पडते.

इथेच पायमशीनची पहिली अडचण येते. तिचं टेबल लहान आहे. तीन मीटर कापड डाव्या बाजूला लोंबलं की सुईखालचं कापड ओढलं जातं, टाके लहान-मोठे पडतात आणि सुई वाकून खालच्या धातूच्या पट्टीवर आपटते. डावीकडे टेबलाच्या उंचीला बाज किंवा स्टूल लावा आणि सगळा घेर त्यावर ठेवा. फरशी उंचसखल असेल तर मशिनीच्या पायाखाली पुठ्ठा द्या. मशीन हलली की टाका हललाच.

दुसरी अडचण सुईची. दुकानातून येताना बहुतेक 16 नंबरची सुई लावलेली असते. जाड कापडाला ती ठीक, पण पॉपलिनला 14 आणि मलमल-व्हॉइलला 11 लावा. सुईची लांब खाच ज्या बाजूला असते तिकडून दोरा ओवायचा, चपटी बाजू तिच्या उलट. हे चुकलं की टाका सुटतो आणि लोक टेन्शनचा (दोऱ्याच्या ताणाचा) स्क्रू पिळत बसतात. टेन्शनला हात लावण्याआधी सुई बघा, मग दोऱ्याचा रस्ता, मग बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी). बारीक कापड चुरगळत असेल तर फूटचा (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब कमी करा आणि खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर ती फाडून काढा.

कापडाच्या कडा उसवू न देणारा झिगझॅग टाका नाही, ही उणीव आहे. त्यावर जुनाच उपाय: बाजूच्या शिवणी फ्रेंच पद्धतीने घ्या. आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर शिलाई, मग कडा थोड्या छाटून, कापड पलटून पुन्हा पाव इंचावर. अर्धा इंच माया तंतोतंत संपते, धागे दिसत नाहीत. जिथे चेन लावायची त्या डाव्या बाजूला मात्र साधी शिवण ठेवून कडा हाताने धावदोऱ्याने बंद करा. चेन मुंढ्याखाली दोन-अडीच इंच सोडून सुरू करा, 12 इंची पुरते. वरचं उघडं टोक हाताने चार टाके घालून बंद करा. चेनसाठी एका बाजूचा फूट वेगळा विकत घ्यावा लागतो, तो घ्याच. काजं हातानेच करावी लागतात. ताणणारं कापड या मशिनीवर शिवू नये.

खालची दुमड लगेच घालू नका. ड्रेस एक दिवस-रात्र हँगरवर टांगा. चार जागी घेर उरेबात आहे, तिथे तो खाली उतरतो, कधी बोटभर, कधी जास्त. मग अंगात घालून जमिनीपासून सारखं माप घेत खडूची खूण करा, तेवढं कापा आणि दोन सूत बारीक दुमड घाला. रुंद दुमडीला गोलावर चुण्या पडतात.

देखभालीत तीन गोष्टी गावाकडच्या आहेत. वेचणीनंतर कापूस घरात साठवलेला असतो, तेव्हा त्याचे तंतू उडून शटलमध्ये (खालचा दोरा गुंतवणाऱ्या भागात) आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली नमद्यासारखे बसतात. खादी शिवतानाही तेच. रोज काम झाल्यावर पट्टी उघडून ब्रशने साफ करा आणि मशीन झाकून ठेवा. दुसरं, तेल मशिनीचंच घाला. खोबरेल घातलं की ते घट्ट होतं आणि मशीन जड चालते. तिसरं, पावसाळ्यात चामडी पट्टा सैल पडून घसरतो, तेव्हा पाव इंच कापून पुन्हा हुक लावा.

जुनी मशीन घेत असाल तर दोरा न ओवता चाक हाताने आपल्याकडे फिरवा. ते एकसारखं फिरलं पाहिजे. सुईचा दांडा धरून हलवा, डुगडुगला तर सोडून द्या. दात बोटाने चाचपा, झिजलेले असतील तर बदलून मागा. शटलच्या टोकावर नख फिरवा, खरबरीत लागलं तर तेही. हे दोन्ही भाग तालुक्याच्या दुकानात सहसा मिळतात, आणि दहा-पंधरा वर्षं चालवायच्या मशिनीसाठी ही मोठीच सोय आहे.