जुन्या सी प्लस प्लस कोडबेसमध्ये रस्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः त्या टार्गेट फोल्डरबद्दल

रस्ट ही मेमरी हाताळण्यातल्या बऱ्याच चुका कंपाइल करतानाच पकडणारी प्रोग्रामिंग भाषा; ते काम करणारा तिचा बॉरो चेकर कसा चालतो, हे पुन्हा सांगत बसत नाही. आमचा कोडबेस सी प्लस प्लसचा, जुना, अनेक हातांखालून गेलेला. बाहेरून येणाऱ्या फाइल वाचणारा पार्सर तेवढा रस्टमध्ये लिहायची परवानगी मिळाली होती. परवा बिल्ड सर्व्हरची डिस्क भरली, रिलीज अडकलं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. म्हणून हा लेखाजोखा.

डिस्क खाल्ली ती टार्गेट फोल्डरने, म्हणजे रस्टच्या बिल्डमध्ये तयार होणाऱ्या फाइल साठतात त्या फोल्डरने. त्यात एकदा पडलेलं काहीही कार्गो, म्हणजे रस्टचं बिल्ड टूल, स्वतःहून काढत नाही. कंपायलरची आवृत्ती बदला, एखादं फीचर चालू-बंद करा, की नावात वेगळा हॅश (ओळखीचा कोड) लावून नव्या फाइल तयार. जुन्या तिथेच पडून. त्यात रस्टची नवी आवृत्ती दर ६ आठवड्यांनी! कार्गो १.८८ पासून आपोआप सफाई होते हे वाचून जीव भांड्यात पडला होता, पण ती सफाई होम फोल्डरमधल्या डाउनलोडची. टार्गेटला ती हातही लावत नाही. पार्सर एवढासा, आणि त्याचा पसारा उरलेल्या सगळ्या बिल्डच्या वर! 'डिस्क काय, स्वस्त असते' असं म्हणणाऱ्यांनी सर्व्हरचं बिल कधी बघितलेलं नसतं.

हे वर लिहिलेलं रागाच्या भरातलं आहे, पण खोडत नाही. नंतर शांतपणे बसून सेटिंग बघितली. सर्व्हरवर इन्क्रिमेंटल कंपायलेशन (पुढच्या वेळी फक्त बदललेलंच कंपाइल करता यावं म्हणून मधल्या फाइल जपणं) बंद केलं, डीबग माहिती फक्त ओळींच्या क्रमांकांपुरती ठेवली, टूलचेन फाइलमध्ये कंपायलरची आवृत्ती पक्की केली. आवृत्ती बदलायची तेव्हा आधी टार्गेट पुसायचं, असा नियम केला. फोल्डर बराच आटला. राग निम्मा उतरला. निम्माच, कारण हे सगळं आपणच शोधून काढायचं असतं.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. मोडकी फाइल आली की पूर्वी अख्खा प्रोग्राम झोपायचा. आता नीट एरर येते आणि पुढची फाइल सुरू होते. पार्सरमुळे रात्री फोन वाजणं बंद झालंय. अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या दोषांतला मेमरीशी संबंधित वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. तोही जुना कोड सरसकट न बदलता, नवा कोड सुरक्षित भाषांत लिहून. आमच्या छोट्या कोपऱ्यात तेच दिसतंय.

कटकट आहे ती दोन भाषांच्या सीमेवर. रस्टने दिलेली स्ट्रिंग रस्टलाच परत करून मोकळी करायची असते. एका सहकाऱ्याने सी प्लस प्लसच्या बाजूने सरळ 'फ्री' (मेमरी मोकळी करणारं सीचं फंक्शन) मारलं. चाललं की! लिनक्सवर मेमरी देणारा-घेणारा रस्टचा डिफॉल्ट अ‍ॅलोकेटर सिस्टिमचाच असतो, म्हणून चाललं. उद्या कुणी रस्टच्या बाजूचा अ‍ॅलोकेटर बदलला की तिथेच फुटणार. कंपायलर इथे चकार शब्द काढत नाही. रिव्ह्यूमध्ये सापडलं, कारण बघणाऱ्याला दोन्ही भाषा येत होत्या.

आणि असे आमच्याकडे दोघेच. कर्ल या सीमध्ये लिहिलेल्या डाउनलोड टूलने हायपर हा रस्टमधला एचटीटीपी बॅकएंड सोडत असल्याचं २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केलं, तेही रस्ट वाईट म्हणून नव्हे. त्याला फारशी मागणी नव्हती, आणि सी व रस्ट दोन्ही जाणणारी, ते काम तडीस नेणारी माणसं मिळेनात.

पार्सर राहणार, त्यावर वाद नाही. आता नेटवर्कवाल्यांनाही त्यांचा भाग रस्टमध्ये हवाय. मी रिव्ह्यूमध्ये 'नाही' लिहिलंय. दोन्ही भाषांतला तिसरा माणूस तयार करा, त्याचं नाव ऑन-कॉलच्या (रात्री-अपरात्री फोन घेणाऱ्यांच्या) यादीत टाका, मग पुन्हा मागा. तोवर सी प्लस प्लसमध्येच लिहा, आणि टेस्ट चालवताना अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवा.