मेंदूचं ८ भागांचं मॉडेल, तीन महिने वापरून लिहितेय

लेकीला नववीच्या विज्ञानात प्रमस्तिष्क (मोठा मेंदू), अनुमस्तिष्क (लहान मेंदू), मस्तिष्कपुच्छ (मेंदूचं सगळ्यात खालचं टोक) हे सगळं आहे आणि पुस्तकातल्या आकृतीवरून तिला काही केल्या कळत नव्हतं म्हणून हे मॉडेल ऑनलाइन मागवलं, १८५० ला पडलं. पार्सल आलं त्याच आठवड्यात माझ्या बाबांना स्ट्रोक झाला, खोका तसाच पडून राहिला. उघडला तो बाबा घरी आल्यावर, आणि खरं सांगते, लेकीपेक्षा जास्त उपयोग माझ्या आईला झाला.

बाबांचं बोलणं गेलं आणि उजवा हात. काहीही विचारा, तोंडातून एकच शब्द, "बरं". चहा हवा का, बरं. कुठे दुखतंय, बरं. आईला वाटायचं हे मुद्दाम करतायत, आणि भेटायला येणारे तर त्यांच्या कानाशी ओरडून बोलायचे, जसं काही ऐकूच येत नाही. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं होतं की त्यांना बरंचसं समजतंय, शब्द बाहेर येत नाहीयेत, पण आईला ते पटेना. मग एका संध्याकाळी मी मॉडेलचा डावा पुढचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. म्हटलं हे बघ, शब्द जुळवून बोलायचं काम इथलं, आणि दुसऱ्याचं बोलणं समजून घ्यायचं काम मुख्यतः मागे, कानाच्या वरच्या अंगाला. बाबांचं पुढचं दुखावलंय, मागचं बरंच शाबूत आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी हीच जागा दाखवून दिली, त्यांच्या पेशंटलाही एकच शब्द यायचा, "टॅन", म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणायचे. आई कितीतरी वेळ तो तुकडा घेऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून ती बाबांना मान हलवून सांगता येईल असंच विचारायला लागली, एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराची वाट बघते.

आता वस्तूबद्दल. आकार खऱ्या मेंदूएवढा आहे, मधोमध उघडला की दोन्ही अर्ध्यांना जोडणारा पट्टा नीट दिसतो, लहान मेंदू कापलेल्या बाजूने झाडासारखा दिसतो तेही छान केलंय. पण पोकळ आणि कडक आहे. खरा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा आणि खरवसासारखा मऊ असतो हे मुलांना वेगळं सांगावं लागतं. खालून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या मोजता येत नाहीत, रंग एकात एक गेलाय. माहितीचा कागद फक्त इंग्रजीत आणि अक्षर इतकं बारीक की लेकीने शेवटी मराठी चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मॉडेल मस्तिष्कपुच्छाशीच संपतं, त्याच्या खाली पाठीच्या कण्यातून जाणारा मेरुरज्जू नाहीच. घरात प्रत्येकाने विचारलं की डाव्या मेंदूत झालं तर उजवा हात का गेला, आणि त्याचं उत्तर नेमकं तिथे आहे, हालचालीचा हुकूम नेणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाला बाजू बदलतात. ते मी लाल स्केचपेनने काढलं. रक्तवाहिन्याही फक्त तळाच्या दाखवल्यात, बाजूने वर जाणारी नाही, तीही काढली, कारण बोलण्याची जागा आणि हाताची जागा दोन्हीला तिचंच रक्त जातं आणि बाबांचं दोन्ही एकदम का गेलं ते तिच्यामुळेच कळतं.

जोडायच्या पिना महिन्याभरात ढिल्या झाल्या, एक तुटली. विकणाऱ्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. चुंबकवालं मिळत असेल तर दोन-तीनशे जास्त गेले तरी तेच घ्या.

लेकीचा धडा झालाय, मॉडेल आता बाबांच्या कॉटजवळच्या टेबलावर असतं. कुणी भेटायला येऊन मोठ्याने बोलायला लागलं की आई आधी तो डावा तुकडा काढून त्यांच्या हातात देते.