मित्राला प्रोग्रामिंगकडे वळायचंय: आधी पायथन की जावास्क्रिप्ट?

मित्राची नोकरी डळमळीत आहे, संध्याकाळी हाताशी जेमतेम तासभर उरतो, आणि तुम्ही ‘मी शिकवतो’ म्हणून कबूल करून बसला आहात. पहिली भाषा कोणती हे आता तुम्हालाच ठरवायचं आहे. वेग, लोकप्रियता, कुठल्या कंपन्या काय वापरतात याचा कीस मी इथे पाडत नाही. दोन्ही भाषा फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात आणि दोन्हींवर कामं मिळतात. मी अशीच निवड केली तेव्हा त्यातलं काहीच निर्णायक ठरलं नाही. निर्णायक ठरली ती एक साधी कटकट, आणि तिच्याकडे मी येतोच.

पहिल्या दिवशी जावास्क्रिप्ट सरळसरळ पुढे असते, हे आधी मान्य करू. काही इन्स्टॉल करायचं नाही. ब्राउझर उघडा, एफ १२ दाबा, कन्सोलमध्ये (ब्राउझरमध्येच कोड चालवून बघायच्या खिडकीत) एक ओळ टाका, उत्तर समोर. दुसऱ्या दिवशी एक बटण, त्यावर क्लिक केलं की रंग बदलतो, तिसऱ्या दिवशी त्याची लिंक घरच्यांच्या फोनवर. खचलेल्या माणसाला ‘हे मी केलं’ असं काहीतरी डोळ्यांना दिसणं फार लागतं, आणि पायथनचा काळा पडदा ते देत नाही. शिवाय वेबसाइटच्या दर्शनी भागाचं काम करायचं असेल, तर आज ना उद्या जावास्क्रिप्ट शिकावीच लागते.

पायथनचा पहिला दिवस याच्या उलट, आणि अनेकांचा तो तिथेच संपतो. विंडोजवरच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’मध्ये (संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत) पायथन जोडण्याचा चौकोन असतो. तो आपोआप टिक केलेला नसतो. तो राहिला की कमांड खिडकीत ‘पायथन’ टाइप केल्यावर भाषेऐवजी मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. पुढचा घोळ पिपचा, म्हणजे पायथनसाठी लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) आणून बसवणाऱ्या साधनाचा. एकाच मशीनवर दोन पायथन असले की पिप एकात लायब्ररी टाकतो, प्रोग्राम दुसऱ्यात चालतो, आणि ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा निरोप येतो. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर तर पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ (हा पायथन लिनक्सच्याच ताब्यात आहे) म्हणत हात वर करतो.

यावर माझा उपाय सोपा आहे, पहिले दोन-अडीच महिने पिपला हातच लावू देऊ नका. थॉनी नावाचा नवशिक्यांसाठीचा एडिटर टाकून द्या. त्याच्या पोटातच स्वतःचा पायथन असतो, त्यामुळे पाथचा प्रश्न मिटतो, आणि त्याचा डीबगर (प्रोग्राम पायरीपायरीने चालवून चूक शोधायचं साधन) एकेक पदावली कशी सुटत जाते ते दाखवतो. सीएसव्ही आणि जेसन फायली, तारखा, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, या सगळ्याची मॉड्यूल्स (तयार कोडच्या फायली) पायथनसोबतच येतात, तेवढ्यावर हे महिने निभतात. एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवा. सोडतीसारखे आकडे काढणारं रँडम मॉड्यूल शिकताना मित्र आपल्या सरावाच्या फाइललाही ‘रँडम’ हेच नाव देणार. मग इंपोर्ट केल्यावर खऱ्या मॉड्यूलऐवजी त्याचीच फाइल उघडते आणि सगळं अनाकलनीय वाटू लागतं.

आता ती कटकट.

समजा मित्र बिलाचा छोटा प्रोग्राम लिहितोय. वस्तूंच्या नोंदीत त्याने ‘किंमत’ असं लिहिलंय, आणि वाचताना घाईत ‘किमत’. एक अनुस्वार राहिला. पायथन त्याच क्षणी थांबतो. की-एरर (या नावाची नोंदच नाही), पुढे अवतरणात ‘किमत’, आणि वर ओळ क्रमांक १४. जावास्क्रिप्ट थांबत नाही. नसलेली किंमत मागितली की ती ‘अनडिफाइंड’ देते. त्याला ३ने गुणलं की ‘नॅन’ होतं, म्हणजे संख्या नसलेली संख्या. ती बेरजेत मिसळते, बेरीज दुसऱ्या फंक्शनमध्ये जाते, आणि वीस-पंचवीस ओळींनंतर पानावर ‘एकूण: नॅन’ उमटतं. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. बेरीज १०००च्या वर गेली तर सवलत, अशी अट मध्ये असेल तर नॅनची अशी तुलना नेहमी खोटी ठरते. सवलत गपचूप बुडते, आणि पानावर फक्त ‘सवलत लागू नाही’ एवढंच दाखवत असाल तर चुकीचा मागमूसही राहत नाही.

अनुभवी माणूस हे मिनिटभरात शोधतो. प्रश्न मित्राचा आहे, आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसलेले नसता. फोनवरचं बोलणं साधारण असं होतं:

“काय दिसतंय?”
“एकूण नॅन.”
“कुठल्या ओळीला?”
“ओळ नाही दिसत रे. नुसतं नॅन.”

मग स्क्रीन शेअर, मग कन्सोल उघड, मग दर दोन ओळींनी छापून बघ. त्याचा त्या दिवसाचा तास संपला. पायथनमध्ये तुम्ही म्हणता, “शेवटची ओळ वाच.” तो वाचतो, “की-एरर, किमत.” बहुतेक वेळा वाचता वाचताच तो म्हणतो, “अरे हो,” आणि फोन ठेवतो. पायथनच्या ३.१० आवृत्तीपासून (२०२१) हे निरोप बरेच माणसाळले. न मिटलेला कंस नेमका कुठे उघडला ते सांगतात, व्हेरिएबलचं नाव चुकलं तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का’ असं विचारतात. ३.११पासून ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली खुणाही येतात.

चॅटबॉटला विचारून शिकणाऱ्यांनाही हाच फरक जाणवतो. नेमका एरर चिकटवला तर नेमकं उत्तर मिळतं. ‘नॅन येतंय’ एवढंच सांगितलं तर तो अख्खा प्रोग्राम नव्याने लिहून देतो, आणि मित्र तो न वाचता चिकटवतो.

जावास्क्रिप्टचा हा स्वभाव कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला, आणि ती मुख्यतः हौशी, अर्धवेळ पानं बनवणाऱ्यांसाठी होती. बारीकशा चुकीने अख्खं पान बंद पडू नये, हा समजूतदारपणा त्यात होता. तो आज नेमका नवशिक्यालाच महाग पडतो.

पायथन सगळंच पकडतो असं मात्र सांगू नका, तोंडघशी पडाल. वापरणाऱ्याकडून घेतलेलं इनपुट इथेही मजकूरच असतं, म्हणून २ आणि ३ची बेरीज दोन्ही भाषांत २३ येते. मजकुरातल्या २ला खऱ्या ३ने गुणलं तर पायथन निमूटपणे २२२ देतो, उलट जावास्क्रिप्ट तिथे ६ देते. यादीचा क्रमांक मोजताना चुकून उणे १ झाला तर पायथन तक्रार न करता शेवटची वस्तू हातावर ठेवतो. पण अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि आधी सांगून ठेवता येतात. अनडिफाइंड कुठून उगवेल ते आधी सांगता येत नाही.

दुसरा, थोडा कमी त्रासाचा मुद्दा क्रमाचा. जावास्क्रिप्टमध्ये नेटवरून माहिती आणायला लागलं की ओळी लिहिल्या त्या क्रमाने कामं पूर्ण होत नाहीत. ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांब) विसरलं की हातात माहितीऐवजी प्रॉमिस, म्हणजे ‘नंतर देतो’ अशी नुसती चिठ्ठी येते. पायथनमध्ये कित्येक महिने वरून खाली वाचत गेलं तरी चालतं, आणि लूप-फंक्शन अजून पक्कं न झालेल्या डोक्याला तेवढी उसंत हवीच असते.

मित्र सध्या काय करतो हेही तोलून बघा. हिशेब, भांडार, प्रयोगशाळा, टेस्टिंग अशा कामातला असेल तर त्याच्या रोजच्या फायलींचा साचा हाच पहिला प्रकल्प. खरी माहिती कंपनीबाहेर आणायची नाही, तशाच रकान्यांची खोटी फाइल बनवायची. इथे देवनागरीमुळे एक गंमत होते. विंडोजचं कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) १२५२ असेल आणि फाइल उघडताना एन्कोडिंग (कुठला तक्ता वापरायचा ते) सांगितलं नसेल, तर मजकुरात जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आला की ‘चारमॅप’चा एरर येतो. हलन्त आणि त्या उकाराच्या यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारा तक्ता) रूपातल्या शेवटच्या बाइटला त्या कोडपेजमध्ये जागाच नाही. एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं की हे थांबतं, पण एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून साठवलेली सीएसव्ही असेल तर पहिल्या रकान्याच्या नावाआधी एक अदृश्य खूण चिकटलेली राहते आणि बरोबर लिहिलेल्या ‘नाव’ला की-एरर येतो. अशा फाइलला यूटीएफ-८-सिग द्यायचं. हे माहीत नसेल तर एक संध्याकाळ हमखास जाते.

भाषा कोणतीही घ्या, तुमच्या बाजूने दोन गोष्टी पाळा. त्याचा कीबोर्ड हातात घेऊ नका, आणि फोन करण्याआधी त्याला तीन ओळी लिहायला लावा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. निम्मे फोन त्या तीन ओळींतच मिटतात. सहा महिने भाषा बदलायची नाही आणि तोवर राजीनामाही द्यायचा नाही, हेही सुरुवातीलाच बोलून घ्या.

मित्र डिझाइनमधला असेल, एचटीएमएल-सीएसएस त्याला आधीच येत असेल, किंवा तुम्ही रोज त्याच्या शेजारीच बसणार असाल, तर मी माझा हट्ट सोडेन, जावास्क्रिप्ट घ्या. फक्त पहिल्या दिवशी चार गोष्टी लावून द्या. कन्सोल कायम उघडा ठेवायचा, कारण तिथल्या लाल ओळी पानावर दिसत नाहीत, पानावर नुसतं मुकं बटण दिसतं. तुलना कायम तीन बरोबर चिन्हांनी, ===. स्क्रिप्टच्या टॅगला ‘डिफर’ (पान वाचून झाल्यावरच कोड चालव), नाहीतर बटण तयार होण्याआधीच कोड त्याला शोधतो आणि हाती ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. आणि एडिटर व्हीएस कोड असेल तर प्रत्येक फाइलच्या डोक्यावर टीएस-चेकची टिप्पणी, म्हणजे एडिटरला चुका तपासायला सांगणारी ओळ. नोंद त्याच फाइलमध्ये लिहिलेली असेल तर राहिलेल्या अनुस्वाराखाली निदान लाल रेघ तरी येऊ शकते, तेही एडिटरच्या सेटिंगवर अवलंबून. माहिती बाहेरून आणलेली असेल तर तीही येत नाही.