बोधप्रद की उद्बोधक?

गोष्ट असली की ‘बोधप्रद’, व्याख्यान असलं की ‘उद्बोधक’, असा आपल्याकडे जवळजवळ शिरस्ताच. बोधप्रद म्हणजे बोध देणारं. शेवटी तात्पर्य हातात पडतं. पंचतंत्रातल्या माकड-मगरीच्या गोष्टीला हा शब्द चपखल बसतो.

उद्बोधक ते, जे जागं करतं. तयार उत्तर मिळेलच असं नाही, पण आधी न दिसलेलं दिसू लागतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला या जातीची. (सत्कार समारंभाच्या बातमीत प्रत्येक भाषण ‘उद्बोधक’च ठरतं, ते सोडा.) जनगणनेचा एखादा तक्ताही उद्बोधक असू शकतो, त्याला बोधप्रद म्हटलं तर कानाला खटकतं.

मोठ्यांसाठीच्या लेखाला ‘बोधप्रद’ म्हणताना मी तरी कचरतो. त्यात उपदेशाचा वास येतो.