जुन्या खड्यांच्या दोन अंगठ्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन्ही अंगठ्या ब्रिटिश घडणीच्या. पहिलीत चार नख्यांमध्ये (खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या टोकांमध्ये) बसवलेला हिरवा खडा, पाठ उघडी. दुसरीत गुलाबी टोपाझ, पण कोंदण मागून पूर्ण बंद आणि खड्याखाली चमक वाढवायला धातूचा वर्ख. आठ महिन्यांत लक्षात आलं ते असं, की अंगठी किती टिकणार हे खड्यापेक्षा त्याची पकड आणि पाठ ठरवते.

पहिलीवर आतून १५ आणि .६२५ असा ठसा आहे, म्हणजे १५ कॅरेट, ६२.५ टक्के सोनं. हा दर्जा ब्रिटनमध्ये १८५४ ते १९३२ एवढाच होता, त्यामुळे काळ ठरवायला हा ठसा फार कामी येतो. खडा मात्र पाचू म्हणून आला तरी पाचू नाही. पांढऱ्या कागदावर तो पालथा ठेवला, की कडेने लालसर वलय दिसतं. हिरव्या काचेवर गार्नेट या लाल खड्याची पातळ चकती वितळवून चिकटवलेला हा जोडखडा आहे. दहापट भिंगातून बाजूने पाहिलं तर सांध्यापाशी बारीक बुडबुडे आणि वरच्या-खालच्या भागाच्या चकाकीतला फरकही दिसतो. त्या काळात असे खडे सर्रास वापरत, त्यामुळे अंगठी नकली ठरत नाही. फक्त पाचूचा भाव देऊ नये.

पाचव्या महिन्यात एक नखी स्वेटरच्या धाग्यात अडकायला लागली. टोक झिजून सपाट झालं होतं आणि खड्यापासून किंचित सुटलं होतं. दर पंधरा दिवसांनी अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारावी. खुळखुळ ऐकू आली तर त्याच क्षणी वापर थांबवावा. दुरुस्तीला देताना जोडखडा असल्याचं आवर्जून सांगावं. ज्योतीच्या उष्णतेने काच तडकते, म्हणून लेझर वेल्डिंग करून घ्यावं, नाहीतर खडा आधी काढायला लावावा. कुठे करडा डाख (सांधायला वितळवलेला धातू) दिसला तर तेही सांगायचं. जुन्या दुरुस्तीतलं शिसं तापवलं की सोन्यात मुरतं. मग सोनं ठिसूळ होतं, त्यात खड्डे पडतात.

टोपाझच्या अंगठीचं दुखणं वेगळं. खड्याचं काठिण्य मोह्स मापनात (१ ते १०) ८, त्यामुळे पैलूंवर ओरखडा नाही (धुळीतला क्वार्ट्झ ७ चा असतो). पण सहाव्या महिन्यात एका कडेला मळकट तपकिरी डाग उमटला आणि तो पुसून जाईना, कारण तो खड्यावर नव्हताच. हात धुताना कोंदणाच्या काठातून पाणी आत गेलं आणि वर्ख काळवंडला. यावर घरगुती इलाज नाही. काठ उचलून वर्ख बदलता येतो, पण तो पातळ काठ पुन्हा दाबताना फाटू शकतो आणि मूळ वर्खही जातो. आम्ही तो डाग तसाच ठेवला. अशी अंगठी पाण्यात बुडवायची नाही, वाफ नाही, अल्ट्रासॉनिक यंत्र तर मुळीच नाही. वरून कोरडं मऊ कापड फिरवलं की पुरे.

हिरवी अंगठी आठवड्यातून दोन-तीन दिवस निर्धास्त घालता येते. टोपाझची मात्र बसून करायच्या कार्यक्रमापुरतीच, आणि हात धुण्याआधी काढून. घेण्यापूर्वी विकणाऱ्याकडून पाठीचा आणि नख्यांचा बाजूने काढलेला फोटो मागा; समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.